मामांकडे पडून असलेलं नाव

दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम स्त्री-पुरुषांनी, बसले असल्यास उभं राहून आणि उभे असल्यास टोपी-पदर सावरून, पुढील गंभीर बाब कान देऊन ऐकावी. फिनलंड नावाच्या देशाशी आपले संबंध आहेत. ते जुने आहेत, जिव्हाळ्याचे आहेत आणि नावापुरते आहेत.

हसू नका. नावापुरतेच आहेत, हेच तर सांगायचं आहे. एकच नाव, तीन अक्षरांचं. ते बर्फातून निघून मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात उतरलं, तिथून एका फौजी ट्रंकेत बसून आपल्याकडे आलं, आणि पुढे कितीतरी वर्षं दौंडात पडून राहिलं. कुणी घेईना. ज्यांच्याकडे पडून होतं ते माझे घरमालक.

घरमालकांचं स्वतःचं नाव मात्र मी सांगणार नाही. मामींनी ते उभ्या जन्मात घेतलं नाही, मग भाडेकरणीने काय म्हणून घ्यावं? सगळं दौंड त्यांना मामा म्हणे. आपणही मामाच म्हणू.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत नव्यानेच लागले होते आणि खोली शोधत हिंडत होते. प्रत्येक दारात पहिला प्रश्न ठरलेला, "आडनाव काय?" उत्तर ऐकून लोक खोली रिकामी आहे की नाही ते ठरवत. मामांच्या दारात मी सवयीने आडनाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

"थांबा. आडनाव नको, ते आजा-पंज्याचं. तुमचं सोताचं काय ते सांगा."

मी नाव सांगितलं.

"अर्थ?"

"कशाचा?"

"नावाचा, बाई. तुमच्या. का उगंच लावून फिरताय?"

मला अर्थ ठाऊक नव्हता. मामांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "चार वाजेपरेंत काढून आना. मग खोली बघू." मी शाळेत परत गेले आणि संस्कृतच्या मास्तरांकडून अर्थ काढून आणला. मामांनी तो ऐकला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि किल्ली हातावर ठेवत म्हणाले, "ठीक हाय. शोभंल हळूहळू." ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण अजून शोभायचं आहे.

मामा मूळचे खुटबावचे. फौजेत ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली आणि दौंड, चौफुला, न्हावरा करत शिरूरपर्यंत माणसं न्यायला सुरुवात केली. बाकीचे जीपवाले नाक्यावर "चला एक शीट, एक शीट!" म्हणून ओरडत. मामांना त्याचा संताप. "शीट म्हनं! मानूस हाय का गादी?" त्यांच्या जीपमध्ये बसण्याआधी नाव सांगावं लागे, आणि सांगितलं की मामा ते मोठ्याने पुकारत, जसं काही दरबारात कुणी सरदार प्रवेश करतोय. "गंगूबाई कोळपेवाडीवाल्या! सीताराम आप्पा! सरका, सरका, आप्पांना जागा द्या!" शिरूरच्या बाजाराला वांग्यांचं डालगं घेऊन निघालेल्या बाईला अख्ख्या आयुष्यात कुणी असं पुकारलेलं नसे. ती लाजून चूर व्हायची, आणि पुढच्या बाजाराला तीन गाड्या सोडून मामांच्याच जीपची वाट बघत उभी राहायची.

आता मामांचं कॅलेंडर. खताच्या दुकानातून फुकट मिळालेलं, वर बैलजोडीचं चित्र. त्यातल्या एकादश्या-चतुर्थ्यांच्या खाली मामांनी पेन्सिलीने नावं लिहिलेली असत. एका तारखेखाली शांता, दुसऱ्या तारखेखाली बबन, तिसऱ्या तारखेखाली दगडू. ही पद्धत फिनलंडची. तिकडच्या पंचांगात म्हणे प्रत्येक दिवसाला नाव वाटून दिलेलं असतं, आणि आपल्या नावाचा दिवस आला की लोक कॉफी करून बोलावतात, फुलं देतात. मामा एवढंच करत की त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला ड्रायव्हरशेजारची जागा देत. पण ती जागा म्हणजे काय होती, ते मागे बोकडाशेजारी बसून प्रवास केलेल्यांना विचारा.

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा वाढदिवस का नाही? अहो, वाढदिवस होते कुणाला! शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "बाजरी कापाय आल्ती तवाचा." मग मास्तर एक जून लिहून मोकळे. आमच्या शाळेचं हजेरीबुक पाहिलं तर सगळा तालुका एकाच दिवशी जन्माला आलाय असं वाटायचं. अशा माणसांना मामांनी वर्षातला एक दिवस काढून दिला, चोख, ज्याच्या-त्याच्या नावावर. त्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. मला ती गंमत वाटायची.

एका दगडूच्या दिवशी मी जीपमध्ये असताना मोठाच पेच पडला. चौफुल्यावर तीन दगडू एकदम हजर झाले, आणि पुढची जागा एक. तिघेही आपलाच हक्क म्हणून दांडीला धरून उभे. मामांनी इंजिन बंद केलं.

"नावाचा अर्थ सांगल त्यो म्होरं."

पहिला म्हणाला, "दगड म्हंजी दगड. आनि काय?"

दुसरा जरा पुढारी होता. म्हणाला, "दगडातच द्येव असतो, मामा."

तिसरा म्हातारा होता. तो म्हणाला, "माज्या आधी आईची दोन गेली. मला बी न्यील म्हनून बापानं दगडू ठिवलं. दगडाला कोन न्हेतंय?"

पहिल्या दोघांनी दांडी सोडली. म्हातारा पुढे बसला. बऱ्याच वेळाने मामा गियर बदलता बदलता माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "दगडू ठिवून आपन यमाला फसिवतो, बाई. लई हुशारीचं नाव हाय ते." आणि पुढचा गियर टाकत, "पर नकुशा ठिवून कुनाला फसिवतो, ते मला अजून कळलं न्हाई."

मुलींमागून मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुशा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही आमच्या भागातली समजूत. माझ्या वर्गातच दोन नकुशा होत्या. हजेरी घेताना मी ते नाव घाईघाईने म्हणत असे, उकळत्या चहाचा घोट घ्यावा तसं.

दौंड जंक्शनवर गाड्यांचे रूळ बदलणारे एक पॉइंट्समन मामांच्या जीपने सुट्टीला गावी जात. त्यांना मामांनी एकदा फिनलंडची सगळी हकिगत ऐकवली. त्या लोकांवर आधी एका राजाचं राज्य होतं, मग दुसऱ्या राजाचं. नावं चर्चची तरी असायची, नाहीतर राज्यकर्त्यांच्या बोलीतली. मग त्यांच्या आजोबांच्या पिढीत लोकांना वाटलं, आपली बोली काय वाईट आहे? आणि त्यांनी आपल्या बोलीतले साधे शब्द उचलून पोरांची नावं ठेवायला सुरुवात केली. रौहा म्हणजे शांती. ओन्नी म्हणजे नशीब. तोइवो म्हणजे आशा.

पॉइंट्समन म्हणाले, "मामा, हे तुमाला लांबचं वाटतंय. माझ्या आज्याचं नाव धोंड्या. बापाचं किसन्या. ती नावं म्हारवाड्याबाहीरच्यांनी हाक मारायच्या सोयीनं पाडलेली. आमी दीक्षा घेतली, आन् माझ्या पोराचं नाव मी ठिवलं राहुल. मी! कुनाला इचारलं न्हाई."

मामांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली, खाली उतरले आणि पॉइंट्समनशी हात मिळवला. त्या दिवशी राहुलचा दिवस नव्हता. तरी कॅलेंडरात संध्याकाळी राहुल लिहिला गेला.

आता वाळवंट. मामांची तुकडी मिसरच्या सीमेवर शांतता राखायला गेली होती. डोक्यावर निळी टोपी, आजूबाजूला चार-पाच देशांच्या फौजा. शेजारच्या तळावर फिनलंडवाले. "येडी मानसं, बाई," मामा सांगायचे. "वाळवंटातल्या उन्हात आमी भाजून निघालोय, आन् ह्यांनी लाकडाची खोली बांधली, आत भट्टी पेटवली आन् उघडे हून आत जाऊन बसले. म्हनं घाम यावा म्हनून! मी म्हटलं, भायेर या की, फुकट यील."

त्यांच्यातला एक मामांचा दोस्त झाला. सहा फूट उंच, सोनेरी मिशा, नाव तोइवो. अर्थ कळल्यावर आपले जवान त्याला आशाताई म्हणायला लागले. तो बिचारा हाकेला ओ द्यायचा. दोघांची इंग्रजी मिळून एका माणसाला पुरेल इतकी नव्हती, म्हणून बोलणं बहुतेक हातांनी.

मामांनी जॅमच्या कापलेल्या डब्यात थोडी माती मिळवून कोथिंबीर पेरली होती. रोज स्वतःच्या प्यायच्या पाण्यातलं घोटभर पाणी त्यात. एके सकाळी कोंब वर आले. तोइवो तिथून चालला होता, तो डब्यापुढे मटकन गुडघ्यावर बसला. एका कोंबाला बोट लावून म्हणाला, "ताइमी." मग खिशातून फोटो काढला. टोपडं घातलेलं तान्हं बाळ. फोटोवर बोट ठेवून पुन्हा म्हणाला, "ताइमी."

"मला वाटलं, ह्यो सांगतोय का माझी पोरगी कोथमिरीयेवढी हाय," मामा म्हणायचे. "मी आपलं मान हालवली. म्हटलं, वाढंल, वाढंल." मग त्यांच्या एका साहेबाने उलगडा केला. ताइमी म्हणजे रोप. आणि ताइमी म्हणजे तोइवोची लेक, तो इकडे निघाल्यावर झालेली. त्याने तिला पाहिलेलं नव्हतं. रोज त्या डब्यापाशी येऊन बसायचा. कोथिंबीर खुडायची वेळ झाली तरी मामांना खुडवेना. शेवटी ती फुलाला आली, धने धरले, आणि परत फिरताना तोइवो ते धने खिशात घालून घरी घेऊन गेला. मामांनी त्याला शब्द दिला, मला मुलगी झाली की नाव ताइमी.

मामा-मामींना मूल झालं नाही. मामींनी मला हे एकदा मेथी निवडताना सांगितलं, आणि लगेच पदराने डोळे पुसून हसायला लागल्या. "त्यांच्या पोटात त्ये नाव आडकलंय, बाई. पंधरा-ईस वरसं झाली. दिवस कवाच भरले, पर बाळंत काय हुईनात!"

खरंच तसं होतं. जीपमध्ये एखादी पोटुशी बाई चढली की मामा आधी तिला चांगली जागा देणार, खड्डे चुकवत गाडी नेणार आणि उतरताना हळूच म्हणणार, "माझ्याकडं एक नाव हाय. कोरं हाय. मुलगी झाली तर बघा." लोक नाव ऐकायचे आणि त्यांना ऐकू यायचं टायमी. "टायमी? म्हंजी येळेवर आली म्हनून?" "मामा, आमची टायमाच्या आधीच झाली, सातव्या म्हयन्यात!" न्हावऱ्याच्या एका शहाण्याने सुचवलं, मुलीला नको, जीपलाच ठेवा, कधीतरी टायमावर येईल. मामा त्याच्याशी चार महिने बोलले नाहीत. त्याच्या नावाचा दिवस आला तेव्हा जागा मात्र दिली. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आणि मग ताईंच्या घरी चौथी नात झाली.

ताई म्हणजे मामांची मोठी बहीण. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वस्तीवर त्यांचं घर, ऊस, तरकारी, दोन म्हशी. लांबट चेहरा, कपाळावर मोठं गोंदण, कानांनी जरा कमी. मामांची आई ते पाळण्यात असतानाच गेली आणि थोरल्या दोघी सासरी गेलेल्या, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या ताईने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. मामा तिला ताई म्हणत, म्हणून घर ताई म्हणायचं, पोटची पोरंसुद्धा ताई म्हणायची, आणि सुना, आणि वस्तीसुद्धा. मामांनी आयुष्यात ताईचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

निरोप आला. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, बारशाला या. आणि खाली एक ओळ, ताईनं नाव नकुशा ठरवलंय.

मामांनी त्या दिवशी कुणाचंच नाव पुकारलं नाही. बाजारकरी चढले, उतरले.

बारशाच्या सकाळी मामांनी जीप धुतली. मामी पुढे, मी मागे. मला का घेतलं, तर "मास्तरीणबाई असल्या म्हंजी ताई जरा तोंड आवरंल." वाटेत खुटबावला थांबून विमलला घेतलं. विमल ही ताईंची लेक, म्हणजे बाळाची आत्या, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. हे मामांनी बरोबर हेरलं होतं.

जीप गावाबाहेर पडली आणि शिकवणी सुरू झाली.

"म्हन, ताइमी."

"टायमी."

"टायमी न्हाई! ताकातला ता!"

"ता."

"इळ्यातली इ. मिठातली मी."

"टायमी."

"आगं पोरी, रेल्वे न्हाई यायची, नाव ठिवायचंय!"

वाटेत माणसं चढत होती. त्यांनाही शिकवणी चुकली नाही. थोड्या वेळात सगळी जीप एका सुरात "ता! इ! मी!" म्हणत होती. न्हावऱ्याला एक आजोबा उतरले आणि पारावरच्यांना सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "कुठलातरी नवा पक्ष निघालाय."

तळेगाव दिसायला लागलं तोपर्यंत विमलला नाव चोख जमायला लागलं होतं. पण ती हळूच म्हणाली, "मामा, म्हनते खरी. पर ताईम्होरं माजी टाप न्हाई."

"तू निस्ती तयार ऱ्हा," मामा म्हणाले. "ताईशी मी बोलतो."

ताई चुलीपुढे घुगऱ्यांच्या पातेल्याशी बसल्या होत्या. मामांनी दारातच बूट काढले, टोपी काढली आणि लहान मुलासारखे उंबऱ्याशी बसले. मी आणि मामी मागे उभ्या.

"ताई, एक मागनं हाय."

"माग. नाव सोडून काय बी माग."

"तेवढंच मागायचं हाय."

ताईंनी पळी आपटली. "म्हायतीय तुझं त्ये सायबाचं नाव. वस्तीवर समद्यांनी सांगितलंय. चार पोरी झाल्या, भावा. माझ्या लेकाला म्हातारपनी कोन बघनार?"

"नावानं पोरगा व्हतो व्हय, ताई?"

"व्हतो."

"कुनी सांगितलं?"

ताई पहिल्यांदाच वळल्या. "माझ्या आईला तीन पोरी. तिसरी मी. माझं नाव काय ठिवलं?"

मामा खाली बघत होते.

"सांग की. इतकी नावं वाटत फिरतोस, भनीचं नाव सांग."

"नकुशा," मामा म्हणाले. मला ऐकू आलं नाही, ओठ हलताना दिसले.

"आन् माझ्या पाठीवर कोन झालं?"

मामा काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यांदा बोल, मला कमी ऐकू येतं. कोन झालं?"

"मी."

"मग? माझं नाव लागू पडलं म्हनून तू हायेस. तू जीप हाकतोस, डोक्यावर टोपी घालतोस, तिकडं वाळवंट बघून आलास, त्ये कुनाच्या नावावर?" आणि पुन्हा चुलीकडे वळून म्हणाल्या, "लग्नात सासरच्यांनी लक्षुमी ठिवलं व्हतं. त्ये अक्षतांसंगट झाडून टाकलं. नकुशा टिकलं. जा आता, पाळना बांध. उंच बांध, मांजर येतंय."

मामांनी पडवीत पाळणा बांधला. उंच बांधला. मग बाहेर येऊन जीपमध्ये स्टिअरिंगशी बसले. मी जवळ गेले.

"काय म्हनायचं हिला, बाई?" ते समोरच्या काचेतून उसाकडे बघत म्हणाले. "मला दुसऱ्या कुनाचं बी तोंड बंद करता येतं. पर तिचा पुरावा मीच हाय."

"लहानपणी तुम्ही तिला कधी त्या नावाने हाक मारली होती?" मी एवढंच विचारलं.

"न्हाई. येत नव्हतं," मामा म्हणाले. "समदी तिला नकुशे, नकुशे म्हनायची. मला वाटायचं, ती शिवी हाय. लाडक्या मानसाला कशी द्यायची?" आणि फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागले.

ऊन कलल्यावर बायका जमल्या. पडवी भरली. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी. बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून दिला-घेतला, मग बाळाला. बाळंतीण, ताईंची सून सुमन, भिंतीला टेकून बसली होती. तिन्ही मुली तिच्या अंगाला चिकटलेल्या. सकाळपासून ती कुणाशी बोललेली नव्हती. जाऊन विचारावं तर नुसती मान हलवायची.

ताई बाहेर आल्या नाहीत. घुगऱ्या लागतील म्हणून त्या आतच चुलीपुढे, आमच्याकडे पाठ करून. स्वयंपाकघराचं दार मात्र सताड उघडं. त्यांना कमी ऐकू येत असलं तरी विमलने काय म्हटलं ते कुणीतरी सांगणारच होतं, आणि विमलला ते ठाऊक होतं. पुरुषमंडळी अंगणात. मामा जीपला टेकून उभे, हातात ते फडकं.

"विमल, चल. आत्याबाई, चला!"

विमल पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र!" म्हणाली. त्याबरोबर बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत दणादण बुक्के घातले, आणि एकच हशा झाला. विमलने वर पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी होतं आणि बाहेर येत नव्हतं.

"काय ठिवलं गं?"

"कानात सांगितलंस का न्हाई?"

"कुर्रर्र," विमल पुन्हा म्हणाली. पुन्हा बुक्के. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ताईंची पाठ. मग अंगणाकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली होती. ते तिला काही सांगत नव्हते, खुणेनेही नाही. मला वाटलं, संपलं. नाव पुन्हा ट्रंकेत.

तेवढ्यात सुमनने मान वर केली. ती विमलकडे बघत राहिली, एका सुनेने नणंदेकडे कधी बघू नये इतकं सरळ.

"आगं मोठ्यांदा सांग की!" एक धिप्पाड शेजारीण ओरडली आणि तिने हात उगारला. विमलने डोळे गच्च मिटले, छातीत हवा भरून घेतली आणि वस्तीच्या पलीकडे जाईल अशा आवाजात, ताकातला ता अगदी स्वच्छ काढून, नाव उच्चारलं. नेमका मधल्या अक्षरावर शेजारणीचा बुक्का पाठीत बसला, आणि नावाचे दोन तुकडे होऊन बाहेर पडले:

"ताई… मी!"

आतला पळीचा आवाज थांबला. मामांच्या हातातलं फडकं खाली पडलं. आणि चुलीपुढून, पाठ न वळवता, रोजच्या खणखणीत आवाजात ताई ओरडल्या, "आगं मग ये की आत! सोताच्या घरात यायला इचारतीस व्हय?"